फळ्याच्या पाठीवरची माय

मित्रांनो, असं नाक मुरडून पाहू नका. मी जुना झालोय खरा, पण आंजी गावच्या शाळेचा सागवानी फळा आहे मी! तुमच्या आजोबांनी माझ्यावरच बाराखडी गिरवली. सेलूच्या सुताराने मला घडवलं. पोट मुलांकडे, पाठ भिंतीकडे. दर शनिवारी पोरं चुलीतला कोळसा कुटून आणत आणि वालाच्या पाल्यासोबत माझ्या पोटाला रगडत. गुदगुल्या व्हायच्या, पण काळाभोर दिसायचो. पाठीला मात्र कुणी विचारत नसे.

तिला विचारलं ते प्रेमदास गुरुजींनी. सत्तावन्न साल होतं, निवडणुकीचं. गुरुजींच्या मागे एका खोलीत दोन वर्ग, मग टकळीवरची सूतकताई, शाळा सुटली की मतदारांच्या याद्या, अन् दिवेलागणीला प्रौढांचा वर्ग. चित्रं काढायचं वेड मात्र लहानपणापासूनचं. वेळ आणणार कुठून? मग मधल्या सुट्टीत भाकर घाईघाईने संपवून ते मला फिरवत आणि माझ्या पाठीवर खडूने एकच बाई काढत, ओटीत कापूस भरलेली. ती त्यांची माय, भागीरथा. ती कधीच वारली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहरा आठवणीतून निसटत चालला होता, तो जायच्या आत गुरुजींना तिला धरून ठेवायचं होतं. डोळे जमत, तर हनुवटी चुके. तेवढ्यात घंटा होई, अन् मी पुन्हा सुलटा!

एकदा मोठे गुरुजी महादेवराव अचानक आत आले. "काऊन हो प्रेमदास, शिकवाले येता का चित्रं काढाले? उद्या डिप्टी सायबानं हे पाह्यलं तर?"

गुरुजींनी घाईने मला फिरवलं. दारातल्या रुखमाने मात्र ते बोलणं ऐकलं. वर्गातली सगळ्यांत हुशार अन् तितकीच आगाऊ पोर ती.

त्याच आठवड्यात हनुवटी जमली. गुरुजी मागे सरकले अन् हळूच म्हणाले, "आली माही माय." मलाही भरून आलं हो.

शनिवारी गुरुजी याद्यांच्या कामाला गेले. डिप्टी साहेब सोमवारी तपासणीला येणार होते, म्हणून पोरांनी मला जोरात रगडायला घेतलं. रुखमा म्हणाली, "मांगूनही लावा रे! चित्र दिसलं तर सायेब आपल्या गुरुजीले रागावतीन." मी पडलो लाकूड, ओरडणार कसा?

सोमवारी साहेब म्हणाले, "वा! फळा असा पाहिजे." माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते, पण मला काही गोड लागलं नाही. साहेब गेल्यावर गुरुजींनी मला फिरवलं. नुसतं काळं. त्यांनी त्या काळ्यावरून बोट फिरवलं.

"माही माय होती ते," एवढंच म्हणाले.

रुखमा रडायला लागली. "तुमाले बोलणे बसतीन म्हणून पुसलं जी आमी."

महादेवराव दारातच उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "अरे बाप्पा! मले का मालूम? सांगाचं नाई का?" मग म्हणाले, "शनिवारची कताई मी घेत जाईन. तुमी बसजा फळ्यापाशी."

पुढच्या शनिवारी गुरुजींनी भीत भीतच खडू उचलला. अन् मित्रांनो, डोळे, कपाळ, हनुवटी, सगळं एका दमात उतरलं! खडू थांबेना.

रुखमाने विचारलं, "गुरुजी, आता मांगून काळं नाई कराचं ना?"

"करा ना, खुशाल करा," गुरुजी हसले. "आता ते माह्या हातात बसली."

तेव्हापासून पोरं दोन्ही अंगांनी कोळसा रगडत, अन् माय परत परत येई.

आता भिंतीत सिमेंटचा फळा आलाय आणि मी कोठीत पडून आहे. गुरुजीही गेले. बाळांनो, तुमच्या गुरुजींच्या, बाईंच्या हातातही काही बसायचं राहिलं असेल. मधल्या सुट्टीत ते एकटेच काही करत बसलेले दिसले, तर गलका करू नका, दार हळूच लोटून घ्या. आणि पुन्हा कधी कोठीत आलात तर खडू घेऊन या. माझी पाठ मोकळी आहे.