नोंदणी होईपर्यंत

"सिस्टर, धावा हो! नळीत रक्त चढतंय!"

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून ओरडली आणि मावशींनी हातातलं फडकं टाकून धाव घेतली. विचार केलाच नाही, इतक्या वर्षांची सवय ती! नळी म्हाताऱ्याच्या कोपराखाली दबली होती. त्यांनी ती सोडवली, नळीवरची चक्री जरा सैल केली, सलाईन पुन्हा ठिबकू लागलं. मग भान आलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

कारण इथे त्या सिस्टर नव्हत्या. तिकडे, आधीच्या राज्यात होत्या, अख्खा वॉर्ड सांभाळत होत्या. नवऱ्याच्या बदलीपायी इकडे यावं लागलं आणि इथल्या नर्सिंग कौन्सिलने जुनी नोंदणी चालणार नाही म्हणून सांगितलं. नव्याने परीक्षा द्या म्हणे! तोवर घर कसं चालायचं? म्हणून मग निम्म्याहून कमी पगारावर खाटा पुसायच्या. सुईला, सलाईनला हात लावायचा नाही. लावला आणि तक्रार वर गेली, की परीक्षेला बसणंच बंद. आणि परीक्षा तर सोमवारवर आलेली.

दुपारी मेट्रन फेरीला आल्या. सून बिचारी भली बाई, तिला राहवेना.

"तुमच्या ह्या सिस्टर फार चांगल्या हो! सासऱ्यांचं सलाईन बंद पडलं होतं, ह्यांनी चुटकीसरशी चालू केलं."

मेट्रन दुष्ट नव्हत्या, पण कानावर आलेलं वर कळवणं त्यांना भाग होतं.

"मी केलं ते," पलीकडची तरुण सिस्टर पटकन म्हणाली.

"अहो, तुम्ही कुठे होतात? ह्याच होत्या!" सून हट्टालाच पेटली.

सगळे मावशींकडे बघू लागले. खरं बोलावं तर परीक्षा गेली, आणि पुन्हा हेच फडकं. किती दमलोय आपण, एवढंच त्यांना वाटलं.

"ताई, तुमचा गैरसमज झालाय. मी सिस्टर नाही. मला त्यातलं काही कळत नाही. मी साफसफाईची मावशी आहे."

मेट्रननी सुस्कारा सोडला आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

सून ओशाळली. तिने मावशींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पायाने खाटेखालचं लघवीचं भांडं पुढे सरकवलं.

"मग एवढं ओतून आण ना, मावशी."

"आणते हं," मावशी म्हणाल्या आणि वाकल्या.