वन्संचं ताट

वन्संचं नाक म्हणजे भलतंच तिखट! मागच्या खेपेला भावाकडे आल्या, दोन घास खाल्ले आणि रुमाल नाकाला लावून भरल्या ताटावरून उठल्या. "दादा, डुकरं आहेत तोवर या घरात अन्नाला शिवणार नाही मी!"

वहिनीच्या ते जिव्हारी लागलं. अहो, ज्या डुकरांवर घर उभं, ती विकायची कशी?

तिनं कंबर कसली. मूत आणि विष्ठा एकत्र कुजली की वास भडकतो, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिनं शेडची जमीन उताराची करून घेतली, मूत नालीतून वेगळं टाकीत सोडलं, टाकीवर पेंढ्याचा जाड थर दिला. विष्ठा सकाळ-संध्याकाळ फावड्यानं ओढून लाकडाच्या भुशात मिसळायची. पाठीचा पार काटा ढिला झाला.

पण वास गेला की नाही, हे सांगणार कोण? दोघांची नाकं त्या वासात मुरलेली.

"मला तर काहीच येत नाही," नवरा म्हणाला.

"तुम्हाला आधी तरी कुठं येत होता? शोभेचं नाक तुमचं!"

शेवटी तिनं वन्संनाच जेवायला बोलावलं. भावाचं मन मोडवेना म्हणून त्या यायला निघाल्या. नेमका वारा शेडकडून घराकडे.

"अगं, खिडक्या तरी लाव!"

"मुळीच नाही. काय तो सोक्षमोक्ष होऊ दे."

वन्सं आल्या त्या रुमाल हातात घेऊनच. दारात थांबल्या, हुंगलं. रुमाल पर्समध्ये गेला. वन्सं बसल्या, जेवल्या, वर मागून घेतलं. आणि एकदम त्यांचा चेहरा पडला.

"वहिनी, मी रागात बोलून गेले गं. माझ्यापायी चालता धंदा मोडलास? कधी विकलीत डुकरं?"

नवऱ्याला ठसकाच लागला. वहिनी वन्संना खरकट्या हातानंच मागच्या दारी घेऊन गेली. दुपारची डुकरं सुस्त पडलेली. तिनं रिकामी बादली ठणठण वाजवली, तशी सगळी धडपडत उठली आणि एकच कल्ला झाला.

"मोजून घ्या वन्सं! एकही कमी नाही. उलट परवाच एक व्यायलीय."

अशी ताठ मानेनं वहिनी त्या दारात कधी उभी राहिली नव्हती. वन्संनी रुमाल काढला, हात पुसले आणि विचारलं, "व्यायलेली कुठली गं? जवळून दाखव ना."