निळ्या शाईची विहीर

"सापडली का गं वही?" बाबांचा रोजचा प्रश्न. चहासुद्धा त्यानंतर.

बाबा नकाशा कचेरीत आरेखक होते. मोजणीदार डोंगरात फिरून वह्या भरून आणायचे आणि बाबा त्यांवरून शाईने नकाशा काढायचे. त्या उंच, वाळवंटी डोंगररांगेत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही, पण तिथली घळ न् घळ त्यांना तोंडपाठ. तिथले मोजणीदार होते काका, बाबांचे थोरले भाऊ. त्यांच्या वहीवरून एका खिंडीखाली बाबांनी निळी विहीर काढली. निळी म्हणजे बारमाही पाणी, काळी म्हणजे कोरडी. पुढच्या वर्षी उन्हाळ्याअखेर काका तोच नकाशा घेऊन तिकडे गेले आणि त्या कोरड्या पडलेल्या विहिरीशेजारी तहानेने मेले. वही गहाळ, म्हणून कचेरीने सगळं खापर बाबांवर फोडलं. खरंच आपला हात चुकला का, या विचाराने त्यांनी चाळीस वर्षं स्वतःला खाल्लं.

आता त्याच कचेरीच्या तळघरात मी जुने नकाशे सांभाळते. सांभाळते कसली, धूळ खाते. परवा वरून हुकूम आला: नकाशे स्कॅन झाले, वह्या शुक्रवारी रद्दीत. माझं डोकंच फिरलं. गुरुवारी दुपारी कपाटं ओढता ओढता भिंतीलगत काकांची वही सापडली. ठसठशीत अक्षर: "विहीर. पाणी भरपूर."

वही पिशवीत कोंबून मी घरी पळाले.

"बाबा, तुमची चूक नव्हतीच! काकांनीच पाणी लिहिलंय."

बाबांनी भिंग लावलं. मला वाटलं, निदान हुश्श तरी म्हणतील. ते ओळीच्या शेवटी बोट ठेवून बसले.

"महिना?"

"कसला महिना?"

"पाणी कधी पाहिलं तो. नसला लिहिलेला, तर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून वही मोजणीदाराकडे परत पाठवायची. माझंच काम ते. बाकीच्यांना पाठवायचो, शिव्या खायचो. पण दादाला कुठं विचारायचं? दादानं लिहिलंय म्हणजे असणारच." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "विचारलं असतं तर त्याला आठवलं असतं गं. बर्फ वितळत होतं तेव्हा, म्हणून पाणी."

चाळीस वर्षं त्यांच्याजवळ निदान शंका होती. तीही मी धावत येऊन काढून घेतली.

सकाळी त्यांनी काही विचारलं नाही. वही तेवढी माझ्या हातात दिली. विहिरीच्या ओळीशेजारी पेन्सिलचं प्रश्नचिन्ह होतं.

"परत पाठव," ते म्हणाले.