ताई जेवली का?

"आणि ही ताई कोण?" नव्या मॅनेजरबाईंनी बाटलीवरची चिठ्ठी वाचत विचारलं.

"माझी मोठी बहीण," मी म्हणाले. त्या हसल्या. मग माझं तोंड बघून त्यांनी बाटली हळूच खाली ठेवली.

त्यांचा काय दोष? आमची औषधं शोधणारी कंपनी त्यांच्या मालकांनी नुकतीच विकत घेतली होती. आमच्या डॉक्टरांनी ती बाटल्यांच्या कारखान्यामागच्या दोन खोल्यांत काढली, तेव्हा मी तिथे काचसामान धुवायला होते. त्याच सुमारास ताईच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर संकोचत तिच्याकडे गाठीचा तुकडा मागायला गेले, तर ही म्हणाली, "न्या की. मला काय तिचं लोणचं घालायचंय?"

वर्ष सरायच्या आत ताई गेली. गाठीतल्या पेशी मात्र बाटलीत वाढतच राहिल्या, आणि दिवसाआड त्यांचं पोषणाचं गुलाबी पाणी बदलायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही त्याला जेवण म्हणायचो. डॉक्टर सकाळी आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "ताई जेवली का?"

पहिलं औषध आपटलं, दुसरंही आपटलं. माणसं सोडून गेली. तिसरं लागू पडलं आणि दोन खोल्यांची काचेची इमारत झाली. कुठकुठल्या बायकांच्या गाठी त्या औषधानं विरघळल्या. ताईवर मात्र ते काही केल्या चालेना. तशी ती जिवंतपणीही कुणाचं ऐकायची नाही. "हिच्यावर औषध काढल्याशिवाय मी काही घरी बसत नाही," डॉक्टर म्हणायचे.

नव्या मालकांना तेवढं तिसरं औषध हवं होतं. "बाकीचं सगळं संध्याकाळपर्यंत नष्ट करायचंय," मॅनेजरबाई म्हणाल्या. ताईच्या पेशींच्या गोठवलेल्या नळ्या सकाळीच गेल्या होत्या. उरली होती ही एक बाटली. मी तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते खोक्यात पुस्तकं भरत होते.

"एवढी एक राहू द्या ना. कोपऱ्यात पडून राहील बिचारी."

"आता माझं कोण ऐकतंय, बाई? विक्रीवर सही करून बसलोय."

"मग मी घरी नेते."

"घरी कशी जगेल ती?"

तेही खरंच होतं. ताई पहिल्यांदा गेली तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आज डोळ्यांत टिपूस नाही. मला माझाच राग आला, पण तोही फार वेळ टिकला नाही.

पेशी मारायला बाटलीत ब्लीच ओतायचं, एवढंच काम होतं. पण तिचं जेवण आजच होतं. मी पिवळट झालेलं जुनं पाणी काढलं, ताजं कोमट गुलाबी पाणी घातलं आणि बाटली परत इन्क्युबेटरच्या उबेत ठेवली.

"अहो, आता कशाला?" मॅनेजरबाई म्हणाल्या.

"उपाशी कशी पाठवू?"

थोड्या वेळानं मी बाटली बाहेर काढली आणि ब्लीच ओतलं. गुलाबी रंग बघता बघता उडाला.

डॉक्टर खोकं घेऊन दारात थांबले होते. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं असावं.

"ताई जेवली का?"

"जेवली," मी म्हणाले.

इन्क्युबेटरचं दार उघडंच राहिलं होतं. एरवी ते केवढ्यांदा ओरडले असते. आतली ऊब जाईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.