भाऊबीजेच्या पाटावरचा कोट

मित्रांनो, अकोल्याच्या उन्हात लोकरीच्या ओव्हरकोटाचं काय काम, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही. तरी जठारपेठेतल्या एका घरात मी वर्षानुवर्षं खुंटीवर मानाने लटकलो.

माझा जन्म लंडनचा. एका म्हाताऱ्या शिंप्याने मला शिवलं आणि तिथे नोकरीला असलेल्या देवीदासने विकत घेतलं. १९५३ साली तो मला घालून बहिणीकडे, पार्बताबाईकडे आला आणि घामाघूम झाला. निघताना म्हणाला, "राहू दे याले इथंच. पुढच्या भाऊबीजेले येतो तवा नेतो." मग नऊ वर्षांच्या भाचीच्या, शालूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू मॅट्रिक हो पोरी, तुले विलायतेले नेतो. डाक्टरीन करतो."

मायलेकींनी दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या.

पुढच्या भाऊबीजेला देवीदास आला नाही. शेजारणी म्हणाल्या, चंद्राला ओवाळ. पार्बताबाई भडकली. "जिले भाऊ नसन तिनं चंद्राले ओवाळाव. मले भाऊ हाये!" तिने पाट मांडला, रांगोळी काढली आणि माझी घडी करून मलाच पाटावर बसवलं. माझ्या कॉलरला कुंकू लागलं, अक्षता पडल्या. मग दरवर्षी हेच. एरवी कसर लागू नये म्हणून माझ्या खिशांत कडुनिंबाचा पाला असे. शालू मैत्रिणींना माझी बाही हुंगायला देई आणि सांगे, "हा विलायतेचा वास." वास कडुनिंबाचाच होता, पण पोरी डोळे मिटून हुंगत. मला त्या मानाचा गर्व चढला होता, खोटं कशाला सांगू?

शालू मॅट्रिक झाली. वडील म्हणाले, अमरावतीच्या कॉलेजात जा. ती म्हणाली, "काहून? मामाजी नेणार हायेत मले." नांदगाव खंडेश्वरचं स्थळ आलं, तेही तिने परतवलं. अशी दोन वर्षं ती वाटेकडे डोळे लावून घरात बसली.

आणि १९६३ च्या भाऊबीजेला देवीदास खरंच आला. टांगा दारात उभा ठेवूनच आला. गुडघे दुखतात म्हणून पाटावर बसला नाही, उभ्यानेच ओवाळून घेतलं. शालूने विचारलं, "मामाजी, मी मॅट्रिक झाली. कवा नेता मले?"

त्याला आठवेना. आठवलं तेव्हा तो हसला. "अवं, लहान पोरीशी बोलाच लागते तसं काही. लग्न कर आता."

पार्बताबाईने मला पुढे केलं. "हा तुहा कोट. जपला मी."

"हा? अस्तर फाटलं होतं म्हणून टाकून गेल्तो मी याले. टांगेवाल्याले देऊन टाक."

टांगेवाल्यानेही मला घेतलं नाही. या उकाड्यात घालू कवा, म्हणाला.

पुढच्या भाऊबीजेला शालू नांदगावची सून होऊन माहेरी आली. सवयीने पार्बताबाईने पाट मांडला, मला त्यावर ठेवलं. शालूने मला उचलून कोपऱ्यात भिरकावलं. आईला ताटासकट अंगणात नेलं आणि म्हणाली, "माय, चंद्राले ओवाळ."

पार्बताबाईने ओवाळलं. घरात परत आल्यावर ती जेवली नाही.

आता मी खाटेखाली पडलो आहे. कसरीने एक बाही खाल्ली, त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? माझी राखली तेवढी कुणाची राखली असेल? तुम्ही मोठे व्हाल, दूरदेशी जाल. निघताना घरातल्या लहान पोरीला उगाच शब्द देऊ नका. तुम्ही टांग्यात बसून विसरून जाता. ती तो शब्द खुंटीला टांगते आणि रोज त्याची धूळ झटकते.