कुरुंद्यातला गेम चेंजर

मी कृषी सहायक. आमच्याकडे हल्ली ठिबक असो की बियाणं, सगळंच 'गेम चेंजर' असतं आणि ते लोकांच्या गळी उतरवायचं काम माझं. कुरुंद्यात विजयकुमारनं हळद शिजवायचा वाफेचा कुकर आणला, तेव्हा त्याच्या आत्यानं, सखुबाईनं, मला विचारलं, "गेम चेंजर म्हंजे काय वो सायेब?"

"एखादी गोष्ट येते आणि सगळी पद्धतच पालटून टाकते, ती."

"मंग कढई गेली म्हना."

कढईबरोबर आपणही जाणार, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. हळद शिजली की नाही, हे तीस वर्षं गावात तीच सांगायची. हळकुंडात काडी खुपसायची, बोटानं दाबायची, मग हळद बाहेर निघायची. हंगामात तिला वावरावावरातून बोलावणं असे. एरवी बाईचं न ऐकणारे बागायतदार तेवढे दोन महिने तिचं मुकाट्यानं ऐकत.

कुकरची पहिली खेप निघाली. विजयकुमारनं घड्याळ लावून वाफ दिली होती. हळकुंडं झकास, पण मुळाशी असतात ते जाड गड्डे फोडले तर आतून कच्चे. जमलेले लोक हसले. कढईच बरी, असं दोघं-तिघं बोललेही. सखुबाई गप्प राहिली असती, तर कुकरचं नाव त्याच दिवशी खराब झालं असतं. पण भाच्याचं उतरलेलं तोंड तिला बघवेना.

"हळकुंडं अन् गड्डे एकात काहून घालून राहिला? गड्डे येगळे शिजव. त्यायला जास्ती वाफ लागते."

दुसरी खेप बरोबर निघाली. कशाला किती वेळ, हे तिला विचारून विजयकुमारनं कुकरच्या पत्र्यावर रंगानं लिहून ठेवलं. पुढं मेळाव्यात मी तिला शाल दिली आणि खरा गेम चेंजर म्हणजे सखुबाई, असं भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या. मी स्वतःवर खूश होतो.

यंदा कुकर चाळीस वावरं फिरला. सखुबाईला एकानंही बोलावलं नाही. परवा ती आपणहून कुकरपाशी आली, तर विजयकुमारनं लगबगीनं खुर्ची मांडली.

"आत्या, आता तुमाला कायबी तकलीफ न्हाई. निवांत बसा."

तो मनापासून बोलत होता. ती बसली. जरा वेळानं मला हळूच म्हणाली, "तवा मी गप बसायला पायजे होतं, सायेब."

तसं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण तिचं खरं होतं.