मापाडी आणि थोरली

थोरली म्हणजे आमच्या कंपनीचं सगळ्यात जुनं, पंख्यांचं विमान. आधी तिनं कोट-टायवाली माणसं नेली, मग टपाल, मग कोंबडीची पिल्लं. शेवटी धावपट्टीच्या कडेला कबुतरांना आसरा देत उभी राहिली. आम्ही जुन्या मंडळींनी खपून तिचे पंखे पुन्हा फिरते केले. आता सुट्टीच्या दिवशी ती हौशी लोकांना शहरावरून एक चक्कर मारून आणते. कोणी कुठं बसायचं, किती वजन चढवायचं, ते मी ठरवते. वयामुळे तिला जास्तीचा भार अजिबात खपत नाही.

याच थोरलीत मी हवाई सुंदरी होते. सुंदरी कसली डोंबलाची, लोकांच्या ओकाऱ्यांच्या पिशव्या उचलायचे. आमच्या साहेबाला आम्ही मापाडी म्हणायचो. उड्डाणाआधी तो आम्हा मुलींना सामानाच्या काट्यावर उभं करायचा, हमालांसमोर, प्रवाशांसमोर. बाळंतपणानंतर मी कामावर परतले, तेव्हा काटा बघून म्हणाला, "बाई, तुम्ही आता मालवाहू विमानात जा." सगळे खो खो हसले. त्यानंतर त्यानं मला विमानात पाऊल ठेवू दिलं नाही. लेकीला पाजतानाही त्या मेल्याचं तोंड डोळ्यांसमोर यायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. कधीतरी हा माझ्या तावडीत सापडू दे, एवढंच मागणं होतं.

आणि गेल्या रविवारी मापाडी आपल्या पायांनी चालत आला. सोबत बायको, मुलगा, सून, नातवंडं. त्याची पंचाहत्तरी, म्हणून थोरलीची चक्कर. मला ओळखलंसुद्धा नाही. मी गोड हसून म्हटलं, या काका, काट्यावर. आम्ही काय गोणी आहोत का, म्हणून कुरकुरला. नियम सगळ्यांना सारखा, म्हटलं. चढला बिचारा. मी आकडा मोठ्यानं वाचला, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असा. सून तोंड फिरवून हसली. मग सांगितलं, घरचे सगळे बसतील, पण काकांचा भार काही झेपायचा नाही.

खरं तर शेपटीकडे पाण्याचे कॅन भरून ठेवले होते. तेवढे उतरवले असते, तर तो आरामात बसला असता. मी चकार शब्द काढला नाही.

तो सुनेची पर्स धरून कुंपणापाशी बाकावर जाऊन बसला. काय गार वाटलं म्हणून सांगू जिवाला! पण दार लावायला गेले तर त्याची बायको खिडकीशी एकटी दिसली, शेजारची जागा मोकळी. हिनं माझं काय घोडं मारलं होतं? मी वाकून तिला हळूच खरं काय ते सांगितलं. कॅन उतरवते, काकांना बोलावते, म्हटलं.

तिनं खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं.

"आमच्या न्हाणीघरात काटा आहे," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी त्यावर उभी राहते. आकडा बघितल्याशिवाय ते मला ताट वाढून घेऊ देत नाहीत. कॅन राहू देत."

पंखे फिरायला लागले. तिनं आपली पिशवी त्याच्या जागेवर ठेवली आणि पाय पसरून बसली.